हेल्थ इकॉनॉमिक्स मेथड्समधली फंडेड पीएचडी: गोव्यात बसून तयारी आणि अर्ज कसा करायचा

दिवाळी झाली की ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिट्या पीएचडीच्या जाहिराती टाकायला लागतात ते मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, आणि त्यात काही जागा हेल्थ इकॉनॉमिक्सच्या मेथड्सवर असतात, फी माफ आणि वर दर महिन्याला स्टायपेंड. आपल्याकडची पोरं ती जाहिरात बघतात आणि पुढं जातात. एमए इकॉनॉमिक्सवाल्याला वाटतं हे डॉक्टरांचं काम, गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातून, एमबीबीएस झालेल्याला वाटतं आपल्याला गणित कुठं झेपतंय, आणि स्टॅटिस्टिक्सवाल्याला तर आपल्याला इथं कोणी विचारेल असं वाटतच नाही. प्रत्यक्षात ह्या जागा ह्या तिघांसाठीही असतात, शिवाय एमफार्म, बीडीएस, एमपीएच, अगदी इंजिनिअरिंग करून डेटाकडे वळलेल्यांसाठी पण. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा आणि इंग्रजी ह्यांची भीती जास्त धरली जाते आणि खरं घोडं पेंड खातं ते वेगळ्याच जागी, म्हणजे ही पीएचडी आजारावर नसते, हिशेब कसा करायचा ह्यावर असते, हे अर्जात दिसत नाही. म्हणून आधी तेच सांगतो, मग अर्जाचं.

हेल्थ इकॉनॉमिक्सचा मूळ प्रश्न साधा आहे. सरकारकडे पैसा ठरलेला आहे, नवीन औषध किंवा मशीन किंवा तपासणी आली, ती घ्यायची का? त्यासाठी जास्तीचा खर्च किती आणि जास्तीचा फायदा किती हे बघतात. फायदा मोजायचं माप म्हणजे क्वॉली, पूर्ण तब्येतीत काढलेलं एक वर्ष म्हणजे एक क्वॉली, आणि अर्ध्या तब्येतीत काढलेली दोन वर्षं म्हणजे पण एकच. समजा जुन्या उपचाराला ४०,००० रुपये लागतात आणि त्यातून ६ क्वॉली मिळतात, नव्याला १,००,००० लागतात आणि ६.३ मिळतात. जादा ६०,००० रुपयांत ०.३ क्वॉली, म्हणजे एका क्वॉलीला २ लाख. ह्या आकड्याला आयसीईआर म्हणतात. आता हे २ लाख जास्त की कमी हे ठरवायला काहीतरी रेघ लागते. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेली नाइस ही संस्था हे ठरवते, तिथं कित्येक वर्षं २० ते ३० हजार पौंडांचा पट्टा वापरला गेला. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून एचटीए-इन हे काम करतं, आणि तिथं रेघ साधारण दरडोई जीडीपीएवढी धरतात.

इथपर्यंत झालं हेल्थ इकॉनॉमिक्स. मेथड्स इथून पुढं सुरू होतं. गोव्याचंच घ्या. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, मग गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत एखादा महाग उपचार घालायचा की नाही हे ठरवताना रेघ देशाची धरायची की गोव्याची? गोव्याची धरली तर तोच उपचार महाराष्ट्रातल्या बांद्याला परवडत नाही आणि पेडण्याला परवडतो असं होणार, मधे फक्त पत्रादेवीचा चेकपोस्ट. आणि मुळात दरडोई जीडीपी हा आकडा का, त्याऐवजी सरकार आत्ता जो पैसा खर्च करतंय त्यातून एक क्वॉली कितीला पडतेय ते डेटावरून काढता येईल का? हा प्रश्न कुठल्याच आजाराबद्दल नाही. हा पद्धतीबद्दलचा प्रश्न आहे आणि असल्या प्रश्नावर पीएचडी होते, झालेल्या आहेत.

अजून एक बघा. काणकोणात किडनीचे पेशंट जास्त आहेत हे गोव्यात सगळ्यांनाच माहीत आहे. समजा एखाद्याला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला लांब जावं लागतं. डायलिसिस त्याला फुकट आहे, बरोबर, पण बसभाडं, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडलेला रोज, बाहेर खाल्लेलं जेवण हे कुणाच्या हिशेबात? फक्त सरकारचा खर्च धरला तर गावाजवळ दोन मशीनं टाकणं महाग दिसतं, घरच्यांचा खर्च धरला तर तेच स्वस्त दिसू शकतं. आकडे बदलले नाहीत, फक्त कुणाच्या खिशातून बघतोय ते बदललं. ह्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात आणि इंटरव्ह्यूमध्ये हे हमखास विचारतात.

आणि गोव्याचा ह्या विषयाशी संबंध असा ओढूनताणून लावलेला नाही. संगात ही १९९६ पासूनची गोव्यातली संस्था, तिच्या लोकांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनवर ट्रायल केली, डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांकडून थोड्या बैठकांत उपचार. ती २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये आली आणि तिच्यात खर्च-परिणामाचं विश्लेषण पण आहे. जगभर हेल्थ इकॉनॉमिक्स शिकणारी माणसं गोव्यातल्या पेशंटचा हा डेटा वाचतात आणि आपण फोंड्यात बसून म्हणतो हा विषय आपल्याकडचा नव्हे. तो पेपर काढून वाचाच, फुकट मिळतो, आणि वाचताना खर्च कुठून आले, क्वॉली कशा काढल्या, किती महिन्यांचा हिशेब केला हे पेन्सिलनं मार्क करा.

आता जाहिरात कशी वाचायची. तीन प्रकार असतात. एकात प्रोजेक्ट ठरलेला असतो, सुपरवायझर ठरलेले, तुम्हाला फक्त त्या कामाला तुम्ही कसे बरोबर ते दाखवायचं असतं. दुसऱ्यात थीम दिलेली असते, समजा सर्व्हायव्हल एक्स्ट्रापोलेशन (ट्रायल संपल्यावर पुढं किती जगतील त्याचा अंदाज) किंवा व्हॅल्यू ऑफ इन्फर्मेशन (जादा माहितीची किंमत) किंवा विषमतेचा विचार करणारं कॉस्ट-इफेक्टिव्हनेस, आणि त्यातला प्रश्न तुम्ही आणायचा. तिसऱ्यात सगळंच तुमचं. पहिल्यांदा अर्ज करताना पहिला किंवा दुसरा प्रकार बघा, तिसऱ्यात नवख्या माणसाची फार दमछाक होते. जागा बघायला फाइंड-ए-पीएचडी आणि जॉब्स-डॉट-एसी-डॉट-यूके ह्या दोन साइट पुरतात, त्यावर ईमेल अलर्ट लावून ठेवा. शिवाय यॉर्क, शेफील्ड, ब्रिस्टल, ग्लासगो, लीड्स, अ‍ॅबर्डीन, लंडन स्कूल ऑफ हायजीन, ऑक्सफर्ड ह्यांची हेल्थ इकॉनॉमिक्सची पानं अधूनमधून थेट उघडत जा, काही जागा आधी तिथंच येतात. यॉर्कचं सेंटर १९८३ पासूनचं आहे आणि अ‍ॅबर्डीनचं तर १९७७ पासूनचं, म्हणजे ही काल उगवलेली खाती नाहीत. ब्रिटनच का असं कोणी विचारतं, तर तसं काही नाही, हॉलंडमध्ये रॉटरडॅमला खूप चांगलं काम चालतं आणि तिथं पीएचडी करणारा हा नोकरदार असतो, पगार मिळतो, फी नसते. ऑस्ट्रेलियात मोनॅश आणि सिडनीची यूटीएस आहे. पण मेथड्सच्या फंडेड जागा एका ठिकाणी सगळ्यात जास्त बघायच्या तर ब्रिटन सोपं पडतं.

पैशाचं आता नीट वाचा कारण इथं गोंयकारांचे दोन खास गोंधळ आहेत. यूकेआरआय ही तिथली सरकारी फंडिंग संस्था, तिचा किमान स्टायपेंड २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड आहे, म्हणजे महिन्याला १,७०० च्या थोडं वर, आणि त्यावर सहसा टॅक्स लागत नाही. लंडनबाहेर एकट्या माणसाला खोली शेअर करून ह्यात भागतं. २०२१ पासून यूकेआरआयच्या जागा परदेशी मुलांनाही खुल्या आहेत पण एकूण जागांच्या ३० टक्क्यांपर्यंतच. म्हणून जाहिरातीत कुठंतरी बारीक अक्षरात "होम फी फक्त" असं लिहिलंय का ते आधी बघा. तसं असेल तर फंड होम फीएवढीच, म्हणजे तिथल्या मुलांना लागणाऱ्या कमी फीएवढीच रक्कम देणार आणि परदेशी फी, जी वर्षाला वीस-तीस हजार पौंडांपर्यंत सहज जाते, तिच्यातला फरक तुमच्या डोक्यावर. काही युनिव्हर्सिट्या तो फरक माफ करतात, काही नाही, आणि हे जाहिरातीवरून कळलं नाही तर अर्ज भरायच्या आधी एक ओळीचा मेल टाकून विचारायचं. विचारायला लाजू नका, त्या ऑफिसला हा प्रश्न रोजचा आहे.

दुसरा गोंधळ पोर्तुगीज पासपोर्टचा. आपल्याकडे घराघरात कोणीतरी लिस्बनला जन्म नोंदवलेला असतो आणि मग समज असा की पासपोर्ट युरोपियन म्हणजे होम फी लागणार. ब्रेक्झिटनंतर तसं राहिलेलं नाही. नुसता पासपोर्ट हातात आहे म्हणून होम फी लागू होत नाही, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटआधीपासून तिथं राहणाऱ्या युरोपियनांना मिळालेला राहण्याचा हक्क, लागतो आणि वर मागची तीन वर्षं कुठं राहिलात तेही बघतात. तुमचा भाऊ इंग्लंडात स्विंडनला आधीपासून राहतोय, त्याचं स्टेटस आहे, तो बसेल कदाचित नियमात, पण तुम्ही आत्तापर्यंत मडगावलाच राहिलात तर तुम्ही परदेशी विद्यार्थी म्हणूनच धरले जाणार. उगाच होम म्हणून टिक करू नका, फी-स्टेटसचा फॉर्म नंतर येतोच आणि तिथं सगळं बाहेर पडतं.

गोवा सरकारची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आहे, तिचे त्या वर्षीचे नियम उच्च शिक्षण संचालनालयाकडे बघा, आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज पण आहे. फंडेड जागेला कर्जाची गरज फारशी नसते पण सुरुवातीचा खर्च, व्हिसा, तिकीट, घराचं डिपॉझिट हे सगळं पहिल्या स्टायपेंडच्या आधी येतं, त्यामुळं हातात काही असलेलं बरं. आणि ज्यांना घर सोडून जायचंच नाही त्यांनी नेट-जेआरएफ विसरू नये, महिन्याला ३७,००० रुपये आहे जानेवारी २०२३ पासून, त्यावर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटला, मुंबईच्या आयआयपीएसला किंवा इथंच ताळगावला विद्यापीठात गाईड मिळाला तर आरोग्याच्या अर्थशास्त्रावर काम करता येतं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये तर ह्या विषयाचं देशातलं सगळ्यात भरीव काम चालतं.

तयारीचं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण निवड इथंच होते. तुम्ही हेल्थ इकॉनॉमिक्सची डिग्री घेतलेली नसली तरी चालतं, पण एक छोटं मॉडेल स्वतःच्या हातानं केलेलं असलंच पाहिजे. एक्सेल उघडा. तीन कॉलम, ठीक असलेले, गुंतागुंत झालेले, मेलेले. वरच्या ओळीत १००० माणसं सगळी ठीक. धरा की दर वर्षी ठीक असलेल्यांतले १०० मागे १० गुंतागुंतीत जातात आणि २ मरतात, आणि गुंतागुंतीतले १०० मागे १५ मरतात. पहिल्या वर्षाअखेर ८८०, १००, २० असं होतं. दुसऱ्या वर्षी ८८० मधले ७७४.४ ठीक राहतात, गुंतागुंतीत ८८ नवे आणि ८५ जुने मिळून १७३, आणि एकूण मेलेले ५२.६. बेरीज १००० यायलाच हवी, प्रत्येक ओळीला ती तपासायचा एक कॉलम ठेवा, ही सवय बघून सुपरवायझर खूश होतात. आता पूर्ण तब्येत म्हणजे १ धरून ठीक असलेल्याला ०.८५ आणि गुंतागुंतवाल्याला ०.६ असं वजन द्या. पहिल्या वर्षाच्या क्वॉली ८०८ येतात, दुसऱ्या वर्षाच्या ७६२. असं चाळीस वर्षं खाली ओढा. हे मार्कोव्ह मॉडेल, अख्ख्या जगात सरकारं ह्याच्यावर निर्णय घेतात, आणि तुम्ही ते एका संध्याकाळी केलं.

मग त्यात डिस्काउंटिंग घाला, म्हणजे पुढच्या वर्षांतला खर्च आणि फायदा आजच्यापेक्षा कमी धरा. भारतात ३ टक्के धरतात, ब्रिटनमध्ये ३.५. अर्धा टक्का म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण तीस वर्षांनी मिळणारी एक क्वॉली ३ टक्क्यांनी आज ०.४१ धरली जाते आणि ३.५ नी ०.३६. लसीकरणासारख्या गोष्टीत, जिथं खर्च आज आणि फायदा कधीतरी पुढच्या पिढीत, तिथं ह्यामुळंच निकाल फिरतो. हे स्वतः करून बघितलेला माणूस आणि नुसता वाचलेला माणूस इंटरव्ह्यूत दोन मिनिटांत ओळखू येतो.

त्यानंतर अनिश्चितता. १०० मागे १० हा आकडा कुणी सांगितला? एखाद्या छोट्या स्टडीतून आला असेल तर तो ७ पण असू शकतो नि १४ पण. म्हणून एका आकड्याऐवजी तो कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याचा साचा, म्हणजे डिस्ट्रिब्युशन, घ्यायचं, प्रोबॅबिलिटीला बीटा, खर्चाला गॅमा, आणि मॉडेल हजारदा चालवायचं, प्रत्येक वेळी वेगळे आकडे उचलून. इथं एक्सेल रडायला लागतं, म्हणून आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा शिका. आर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि हीमॉड, डॅमपॅक, बीसीईए, फ्लेक्ससर्व्ह असली पॅकेजेस त्यात तयार मिळतात. पण पहिलं मॉडेल पॅकेज न वापरता साध्या लूपनं लिहा, नायतर आत काय चाललंय ते कळत नाही आणि जिथं कळत नाही तिथंच प्रश्न येतो.

आणि आता मेथड्सची खरी गंमत. कॅन्सरच्या औषधाची ट्रायल दोन-तीन वर्षं चालते, ट्रायल संपते तेव्हा निम्मे पेशंट जिवंत असतात. पण हिशेब तर आयुष्यभराचा करायचा. मग किती जण जिवंत आहेत ती रेषा पुढं ओढतात, वायबुल, गॉम्पर्ट्झ, लॉगनॉर्मल अशा वेगवेगळ्या वक्रांनी. ट्रायलच्या काळात हे सगळे वक्र एकावर एक बसतात, बघून फरक सांगता येत नाही, आणि दहा वर्षांनी बघितलं तर एक म्हणतो दर १०० मधले ५ जिवंत, दुसरा म्हणतो २५. औषध घ्यायचं की नाही हे त्या न दिसलेल्या भागावर ठरतं. मग कुठला वक्र निवडायचा, बाहेरचा डेटा कसा जोडायचा, डॉक्टरांचं मत आकड्यात कसं आणायचं, आणि अजून एक वर्ष ट्रायल चालवली तर त्या माहितीची किंमत किती, ती किंमत ट्रायलच्या खर्चापेक्षा जास्त की कमी, ह्या एकेका प्रश्नावर माणसं तीन-चार वर्षं देतात. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो कारण चुकीचा वक्र निवडला तर कुणालातरी औषध मिळत नाही किंवा दुसऱ्या कुणाचातरी पैसा वाया जातो, नि ते कुणाला दिसतही नाही.

क्वॉलीची वजनं येतात बहुतेक ईक्यू-५डी नावाच्या प्रश्नावलीतून. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी असे पाच प्रश्न, नव्या रूपात प्रत्येकाला पाच उत्तरं, म्हणजे एकूण ३,१२५ अवस्था. भारतीय लोकांना विचारून काढलेली वजनं २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे भारतीय डेटावर ब्रिटिश वजनं लावायची गरज आता नाही, पण जुने पेपर बघितले तर लावलेली सापडतील, आणि त्यानं निकाल किती बदलतो हे बघणं हा नवख्यासाठी फार चांगला छोटा प्रोजेक्ट आहे. सरावाला डेटा पाहिजे तर एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची, २०१७-१८ ची ७५वी फेरी आरोग्यावर आहे, घरटी खर्चासकट फुकट उतरवता येते. त्यातला गोव्याचा नमुना लहान आहे, त्यावर मोठे निष्कर्ष काढू नका, पण लहान नमुन्याचं काय करायचं हा पण मेथड्सचाच प्रश्न ना.

सुपरवायझरला मेल. आपल्याकडची सवय म्हणजे "रिस्पेक्टेड सर" आणि मग स्वतःची सगळी मार्कलिस्ट, दहावीपासून. बाईंना "सर" लिहून गेलेले मेल मी बघितलेत. "डियर डॉक्टर" आणि आडनाव, प्रोफेसर असतील तर प्रोफेसर, बस. पहिल्या दोन ओळींत कुठली जाहिरात आणि तुम्ही कोण, मग त्यांचा एक पेपर वाचून त्यातला एक खरा प्रश्न, मग तुम्ही केलेल्या मॉडेलची एक ओळ आणि फाइल जोडलेली, शेवटी एकच विचारणा, पंधरा मिनिटं बोलता येईल का. दीडशे-दोनशे शब्द. पेपर वाचला असं नुसतं लिहू नका, कुठल्या गृहीतकावर अडलात ते लिहा. एकच मेल तीस जणांना पाठवला तर तो तसा वाचताना कळतो आणि ही माणसं एकमेकांना ओळखतात. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नंतर सोडा.

प्रपोजल मागितलं असेल तर आजारापासून सुरुवात करण्याचा मोह टाळा. "गोव्यातील स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचा खर्च-परिणाम अभ्यास" हे चांगलं काम आहे पण मेथड्सची पीएचडी नव्हे. तेच असं वळवा, की गावागावात जाऊन केलेल्या तपासणीत येणाऱ्या बायका आणि न येणाऱ्या बायका वेगळ्या असतात, शिकलेल्या, घरून मोकळीक असलेल्या जास्त येतात, मग आलेल्यांच्या डेटावरून अख्ख्या लोकसंख्येचा फायदा काढताना होणारी चूक कशी दुरुस्त करायची आणि फायदा नेमका कुणाला पोचतोय ते मॉडेलमध्ये कसं आणायचं, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून गोव्यातली तपासणी मोहीम. आता आजार उदाहरण झाला नि पद्धत विषय झाली. पहिल्या पानावर आत्ता काय करतात आणि ते कुठं कमी पडतं, दुसऱ्यावर तुम्ही काय करणार आणि कुठल्या डेटावर, सिम्युलेशन करून पद्धत तपासणार असाल तर तसं लिहा, शेवटी वर्षवार आराखडा चार ओळींत. डेटा मिळायची परवानगी अजून नसेल तर "मिळेल" असं छातीठोक लिहू नका, नाही मिळाला तर काय करणार ते लिहा, ह्याला फार मार्क असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. मास्टर्स किंवा चांगली फर्स्ट क्लास डिग्री, ट्रान्सक्रिप्ट, दोन रेफरन्स, आणि आयईएलटीएस, बहुतेक ठिकाणी ६.५ किंवा ७. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज चतुर्थीच्या आधीच टाकून मोकळे व्हा, ऐनवेळी पळापळ नको. रेफरन्स देणाऱ्याला, मग ते कॉलेजचे सर असोत की आरोग्य केंद्रातले डॉक्टर, जाहिरात आणि तुमचं प्रपोजल दोन्ही आधी द्या आणि सांगा की ह्यात माझ्या आकड्यांच्या कामाबद्दल लिहा. "मेहनती आणि नम्र मुलगी आहे" एवढ्यावर तिकडे काही ठरत नाही. "हिनं आमच्या केंद्रातल्या तीन वर्षांच्या रजिस्टरमधून चुका शोधून काढल्या" ह्यावर ठरतं.

इंटरव्ह्यू ऑनलाइन असतो, अर्धा-पाऊण तास. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले साडेतीन आणि मार्चअखेरनंतर अडीच, घड्याळं बदलतात तेव्हा घोळ होतो, तेवढं तपासा. लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या कुणाच्या घरी बसा आणि फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. बरेचदा आधी एखादा पेपर देतात आणि पाच-दहा मिनिटं बोलायला सांगतात. पेपरचा सारांश सांगत बसू नका, त्यांनी तो वाचलेला असतो, बहुतेक वेळा लिहिलेला पण त्यांनीच असतो. दोन कमजोर जागा सांगा आणि एक तुम्ही कशी वेगळी केली असती ते सांगा. खर्च-परिणामाच्या पेपरात सगळं नीट लिहिलंय का ते बघायला चीअर्स २०२२ ही २८ मुद्द्यांची यादी आहे, ती जवळ ठेवून एक-दोन पेपर आधी तपासून बघितले की नजर तयार होते. येत नसेल ते "मला माहीत नाही, पण मी असं शोधलं असतं" म्हणून सांगा. आणि तुम्ही पण विचारा, डेटा हातात आहे की यायचाय, आधीची मुलं किती वर्षांत संपवून गेली, सुपरवायझर महिन्यातून किती वेळा भेटतात. तीन वर्षांचा फंड आणि चार वर्षांचं काम असं असेल तर चौथ्या वर्षी काय, हे तर विचाराच.

ऑफर आली की ती लेखी घ्या, फी पूर्ण माफ, स्टायपेंड किती, किती महिन्यांसाठी, हे तिन्ही एका कागदावर. व्हिसाला आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड लागतो आणि सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो, ही रक्कम बघून घरचे हादरतात, म्हणून आधीच सांगून ठेवा, आणि युनिव्हर्सिटी तो परत देते का ते विचारा, काही देतात. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करावी लागते, यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे, गल्लीतल्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. लग्न झालेल्यांसाठी, २०२४ पासून मास्टर्सच्या शिकवणीच्या कोर्सवाल्यांना कुटुंब नेता येत नाही पण पीएचडीवाल्यांना येतं, फक्त प्रत्येक माणसामागे अधिभार नि व्हिसा फी वेगळी. पीएचडी झाल्यावर तीन वर्षं तिथं काम शोधायला राहता येतं.

नाही झाली निवड तर फीडबॅक मागा, मेथड्सवाले बऱ्यापैकी मोकळेपणानं सांगतात, आणि पुढच्या जाहिरातीपर्यंत मॉडेलवर काम चालू ठेवा. दरम्यान गोमेकॉच्या कम्युनिटी मेडिसिनमध्ये किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पात डेटाचं काम मिळालं तर घ्या, पगार कमी असला तरी. कुणाला प्रपोजल वाचून हवं असेल तर दोन पानांत पाठवा, आजाराचं नाव दुसऱ्या पानावर.